लिनक्सवर रुसलेला प्रिंटर : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : शाळेच्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकलं. कॅनन एलबीपी २९०० प्रिंटर जोडला. यादीत नाव दिसतं, प्रिंट दिली की ‘पूर्ण’ असंही येतं, पण कागद जागचा हलत नाही.
– एक शिक्षक, सातारा

उत्तर : नाव दिसलं म्हणजे केबल शाबूत आहे, एवढंच. यूएसबीवर प्रिंटर आपलं नाव आपणच सांगतो, त्याला ड्रायव्हर, म्हणजे संगणकाचं म्हणणं प्रिंटरच्या बोलीत सांगणारा प्रोग्राम, लागत नाही. २९०० ला पोस्टस्क्रिप्ट कळत नाही, पीसीएलही नाही; प्रिंटरांच्या या नेहमीच्या भाषा. त्याला फक्त कॅननची ‘कॅप्ट’ ही बोली समजते. तुम्ही बहुधा यादीतला एखादा ‘जेनेरिक’ ड्रायव्हर निवडलात. कप्स, म्हणजे लिनक्सवरची छपाईची यंत्रणा, हिनं पान तयार करून तारेवर सोडलं आणि ‘पूर्ण’ म्हणून मोकळी झाली. पलीकडच्यानं ते कानाआड केलं, हे तिला कळायला मार्ग नाही.

वाटा दोन आहेत. कॅननचा स्वतःचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो, पण त्याचे काही भाग ३२ बिटांचे. ६४ बिटांच्या लिनक्सवर आधी त्या जुन्या लायब्ररी बसवा, मग ‘सीसीपीडी’ नावाची सेवा मागे सतत चालू ठेवा, ती अडकली की बंद करून पुन्हा सुरू करा. दुसरी वाट ‘कॅप्टड्रायव्हर’ची. ही बोली उलगडून लिहिलेला हा मुक्त ड्रायव्हर सोर्समधून, म्हणजे त्याच्या मूळ लिखाणातून, बांधून घ्यावा लागतो. शाळेसाठी मी हाच सुचवेन. एक दुपार जाईल, पण लिनक्सची आवृत्ती बदलली तर तो पुन्हा बांधता येतो. सोर्स न देणाऱ्या ड्रायव्हरच्या बाबतीत कंपनीच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं.

प्रश्न : एचपी लेसरजेट १०२० उबुंटू लिनक्सवर छान चालतो. रात्री बंद केला की सकाळी मुका.
– झेरॉक्सचं दुकान, नाशिक

उत्तर : १०२० च्या पोटात फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरला चालवणारा त्याचा आतला प्रोग्राम, कायमचं साठवलेलं नसतं. बटण बंद केलं की पाटी कोरी, दर वेळी संगणकानंच ते पाठवायचं. प्रिंटर चालू करून कान द्या. काही क्षणांत मोटर एकदा घरघरली तर फर्मवेअर पोचलं. गप्पच राहिला तर नाही पोचलं.

बरेचदा एचपीलिप आणि फू-टू-झेडजेएस हे दोन्ही ड्रायव्हर बसवलेले असतात आणि दोघं एकाच प्रिंटरवर हक्क सांगतात. एकच ठेवा. एचपीलिप ठेवलंत तर त्याचा प्लगिन, म्हणजे वेगळा बसवायचा जोडभागही, त्याच आवृत्तीचा हवा. अपडेट झालं की ‘एचपी-प्लगिन’ ही आज्ञा पुन्हा चालवायची. हे लक्षात येत नाही आणि माणसं केबल बदलत बसतात. मीही एक चांगली केबल अशीच भंगारात घातली आहे.

प्रश्न : बिलांसाठी नऊ पिनांचा डॉट मॅट्रिक्स आहे. इंग्रजी बिल झकास येतं. मराठी फाइल थेट प्रिंटरला पाठवली की ग्रीक अल्फा आणि डोक्यावर लाट असलेला एन, हेच पानभर.
– किराणा दुकानदार, सांगली

उत्तर : तुमच्या कागदावर दुखणं स्वच्छ छापून आलंय! यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. ‘क’ म्हणजे ई०, ए४, ९५. प्रिंटर हे तिन्ही सुटे वाचतो आणि आपल्या जुन्या ४३७ क्रमांकाच्या तक्त्यात बघतो. तिथे ई० ला अल्फा आहे आणि ए४ ला तो लाटवाला एन. देवनागरीची वळणं त्याच्या रॉममध्ये, म्हणजे कायमच्या स्मृतीत, नाहीतच, जोडाक्षरं तर दूरच.

तेव्हा अक्षरं संगणकानं घडवायची आणि प्रिंटरला नुसते ठिपके द्यायचे. कप्समध्ये ‘एप्सन ९-पिन’ हा ड्रायव्हर निवडा, प्रिंटर एप्सन इम्युलेशनवर, म्हणजे एप्सनच्या आज्ञा समजण्यावर, ठेवा आणि फाइल ‘पॅप्स’ या प्रोग्राममधून पाठवा. ते अक्षरं जुळवणारी पँगो ही लायब्ररी वापरतं, त्यामुळे वेलांटी, रफार जागेवर येतात. मात्र ग्राफिक्समध्ये डोकं एकेक पट्टी घासत जातं. गर्दीच्या वेळी गिऱ्हाईक ताटकळेल. मी असतो तर दुकानाचं नाव, पत्ता आणि रकान्यांची मराठी शीर्षकं छापखान्यातून छापून घेतली असती आणि प्रिंटरला फक्त आकडे व इंग्रजी नावं दिली असती.

प्रश्न : रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर प्रिंटर कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर बसतच नाही.
– विद्यार्थी, पणजी

उत्तर : तो इंटेल प्रोसेसरसाठी बांधलेला असणार, रास्पबेरी पाय एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर चालतो. सोर्स मिळत नसेल तर एखादा जुना इंटेल संगणक प्रिंटरपाशी ठेवा, तिथे ड्रायव्हर बसवा आणि कप्समधून प्रिंटर नेटवर्कवर खुला करा. रास्पबेरी पाय ६३१ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या दारातून, त्याला काम देईल.

प्रश्न : मग नवा घ्यायचाच तर कोणता?
– हाच विद्यार्थी

उत्तर : खोक्यावर एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर लिहिलेलं असेल तो. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ‘लिनक्स सपोर्टेड’ एवढंच लिहिलं असेल तर दुकानातच विचारा, कुठल्या प्रोसेसरवर?