मीटरवर १२.६ व्होल्ट, तरी पंप मलूल: नवा पंप मागवण्याआधी हे बघा

तुम्ही लिहिलंय की तुमच्या कॅम्परमध्ये (राहायची सोय असलेल्या गाडीत) नळ उघडला की पाण्याचा पंप नुसता घरघरतो, कधी पाणी देतो कधी नाही. पंपाच्या वायरी सोडवून मीटर लावला तर १२.६ व्होल्ट येतात, म्हणजे वायरिंग ठीक, म्हणून आता नवा पंप मागवताय. कृपा करून थांबा. हीच लक्षणं, हेच रीडिंग आणि हाच निष्कर्ष मला फार महागात पडलाय. ज्या वर्कशॉपकडे काम दिलं होतं त्यांनीही वायरी सोडवूनच व्होल्टेज पाहिलं, ‘सप्लाय ओके, पंप गेला’ म्हणून नवा पंप बसवला, आणि तोही तसाच रडायला लागल्यावर ‘पीस खराब निघाला असेल’ म्हणाले. दोष होता निगेटिव्हच्या एका गंजक्या स्क्रूत.

वायरी सोडवून घेतलेलं रीडिंग फसवं का असतं, ते आधी समजून घ्या. साध्या डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो. वाटेत हजार ओहमचा सडका जॉइंट असला तरी मीटरमधून जाणारा करंट इतका नगण्य, की त्या जॉइंटवर जेमतेम एक मिलिव्होल्ट पडतो आणि तुम्हाला १२.६ च दिसतात. पंप मात्र ५ ते ७ अँपिअर मागतो, सुरू होताना त्याहून जास्त. नुसत्या अर्ध्या ओहमचा जॉइंट ६ अँपिअरला ३ व्होल्ट खातो. शिवाय त्या एका टोकाशी १८ वॉट उष्णता तयार होते. तिने जॉइंट आणखी काळवंडतो, रोध आणखी वाढतो. म्हणून हा दोष ‘कधी चालतो, कधी नाही’ असा सुरू होतो आणि महिन्यागणिक बिघडत जातो.

तेव्हा सगळं मोजमाप पंप जोडलेला आणि नळ उघडा असतानाच करा. नळ उघडा हवा, नाहीतर दाब भरला की प्रेशर स्विच पंप बंद करेल आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल. चार्जर बंद ठेवा, कारण त्याचे साडेतेरा-चौदा व्होल्ट अशक्त बॅटरी झाकतात. पंप चालू असताना बॅटरीवर १२ च्या वर टिकत असेल तर बॅटरीला सध्या सोडून द्या.

आता व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरीत आणि जॉइंटमध्ये वाटेतच वाया जाणारे व्होल्ट. मीटर डीसी व्होल्टवर, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलच्या शिशाच्या खांबावर (वर बसवलेल्या क्लॅम्पवर नाही), लाल प्रोब पंपाच्या निगेटिव्ह वायरीच्या टोकावर. अंतर पुरत नसेल तर प्रोबला लांब वायर जोडा. ती कितीही बारीक चालेल, तिच्यातून करंट जवळजवळ जातच नाही. पंप चालू असताना ०.२ व्होल्टपर्यंत उत्तम, ०.३ च्या पुढे गेलं की शोधायला लागा, १ च्या वर असेल तर दोष सापडलाच समजा. मग पॉझिटिव्ह बाजूलाही तसंच: बॅटरीच्या खांबापासून फ्यूज, फ्यूजपासून पॅनेलचा स्विच, स्विचपासून पंप. एकेक टप्पा मोजत गेलात की ज्या टप्प्यावर आकडा एकदम उडी मारतो, तिथेच जॉइंट खराब. पंप अजिबात फिरत नसला तरी हीच पद्धत चालते: तो जोडलेला आणि स्विच चालू असताना ज्या दोन टोकांमध्ये पूर्ण बॅटरी व्होल्टेज दिसेल, सर्किट तिथेच तुटलंय.

मीटरवर विश्वास बसत नसेल तर याहून सोपा उपाय आहे. २.५ चौरस मिमीची एक लांब वायर घ्या आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट पंपाच्या निगेटिव्हला लावा, जुनी वायर न काढता. पंप लगेच जोमात फिरला तर दोष निगेटिव्हकडे. फरक पडला नाही तर तीच वायर पॉझिटिव्हला, पण बॅटरीच्या टोकाशी १० अँपिअरचा फ्यूज लावूनच. फ्यूजशिवाय पॉझिटिव्ह वायर गाडीत फिरवू नका. ती पत्र्याला टेकली तर क्षणात लाल होते. दोन्हीकडून थेट सप्लाय देऊनही पंप मलूल असेल, तरच पंपावर संशय घ्या.

माझं ठाम मत: आधी निगेटिव्ह बघा. पॉझिटिव्हला फ्यूज-स्विच असतात म्हणून सगळे तिकडेच धावतात. निगेटिव्ह मात्र बऱ्याचदा टाकीजवळच्या पत्र्यात एका स्क्रूने ठोकून दिलेली असते. वर रंग, खाली ओल, आणि तांब्याच्या वायरीला हिरवा कळंक. तो स्क्रू नुसता आवळून भागत नाही. पत्रा चकाकेपर्यंत घासा, नवा लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) दाबून क्रिंप करा, दातेरी वॉशर घाला, वरून ग्रीस लावा. त्याहून चांगलं म्हणजे पंपाची निगेटिव्ह वायर वेगळी ओढून थेट बॅटरीजवळच्या निगेटिव्ह बसबारवर (सगळ्या निगेटिव्ह वायरी एकत्र येतात त्या धातूच्या पट्टीवर) न्या. वायरी पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळलेले जॉइंट चालत्या गाडीत टिकत नाहीत. आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी वापरा.

वायरीची जाडी बघायलाही विसरू नका. बॅटरीपासून पंप ६ मीटर असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर तांबं होतं. ७ अँपिअरला १ चौरस मिमीमध्ये जवळपास १.४ व्होल्ट जातात, २.५ मध्ये ०.६, आणि ४ मध्ये साधारण ०.३५. लांब अंतराला मी ४ च घालीन. तुमची वायर बारीक असेल तर वर दिलेला ०.३ चा निकष जॉइंट कितीही चांगले असले तरी पाळला जाणार नाही, म्हणून आधी जाडी बघा.

फ्यूज होल्डरकडे नीट पाहा. फ्यूज आतून शाबूत दिसतो, पण त्याच्या पात्या काळ्या पडलेल्या किंवा होल्डरची पकड सैल झालेली असते, प्लास्टिक वितळलेलं असतं. अशा होल्डरला घासून पुसून उपयोग नाही, बदलाच. आणि फ्यूज उडतो म्हणून १० च्या जागी २० घालणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. पंपावर लिहिलेलंच रेटिंग घाला.

प्रेशर स्विच पंपाच्या डोक्यावर असतो, पॉझिटिव्ह त्यातून जाते. नळ उघडा ठेवून त्याची दोन टोकं काही सेकंद जोडा. पंप धावला तर आतले काँटॅक्ट जळलेत. ते जोडून तसंच ठेवू नका, पंप थांबायचाच नाही आणि पाइप कुठेतरी सुटेल. त्यावरचा दाबाचा स्क्रू मात्र फिरवू नका, निदान व्होल्टेज ठीक झाल्याशिवाय. बराच वेळ चालून पंप बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर आपोआप सुरू होत असेल, तर काही पंपांत असलेलं थर्मल कटआउट (पंप तापला की तो बंद करणारा स्विच) काम करतंय. तो वायरिंगचा दोष नव्हे.

हे सगळं १२ व्होल्टच्या, प्रेशर स्विचवाल्या डायफ्रॅम पंपाबद्दल (रबरी पडदा हलवून पाणी ढकलणाऱ्या) आहे. टाकीत बुडवलेला पंप असेल आणि नळातल्या मायक्रोस्विचने (नळ उघडला की लागणाऱ्या छोट्या स्विचने) सुरू होत असेल, तर एकाच नळाला पाणी न येणं म्हणजे त्या नळाचा मायक्रोस्विच. एखाद्या स्विचमध्ये ओल शिरली तर नळ बंद असूनही पंप चालू राहतो. मी प्रत्यक्ष तुमची गाडी पाहिलेली नाही, म्हणून पुस्तिकेत वेगळं काही असेल तर पुस्तिकेचं ऐका. त्याच कप्प्यात मेन्सची (बाहेरून घेतलेल्या घरगुती विजेची) वायर असेल तर बाहेरची जोडणी काढूनच हात घाला, आणि ते काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडेच द्या.

आता नळ उघडा ठेवून निगेटिव्हचा आणि पॉझिटिव्हचा ड्रॉप असे दोन आकडे घ्या आणि वायरीची जाडी व लांबी सांगा. तोवर पंप मागवू नका.