पत्रिकेत राजयोग, वंशावळीत भगदाड

प्रश्न : आमच्या घरी अधूनमधून हेळवी येतो आणि पोथी सोडून पिढ्यान्‌पिढ्या वाचून दाखवतो. परवा मुलीने मोबाइलवर तसलीच एक वंशावळ दाखवली. वर क्लिओपात्रा, मग एमेसाचे अरब राजे, त्यांच्या वंशात रोमची सम्राज्ञी ज्युलिया डोम्ना आणि तळाशी पाल्मिराची राणी झेनोबिया. रोमच्या गादीवर खरंच अरब राजघराण्याचं रक्त होतं का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : सीरियातल्या अरब घरचं रक्त होतं, त्यात शंका नाही. राजघराण्याचं होतं का, याला माझं उत्तर 'असेलही' एवढंच. हेळवी निदान पोथी उघडून दाखवतो. या मोबाइलवरच्या तक्त्यांत मधल्या पानांच्या जागी नुसत्या रेघा असतात.

एमेसा म्हणजे आजच्या सीरियातलं होम्स. इ. स. पू. पहिल्या शतकात तिथे साम्प्सिगेरामस नावाचा अरब सरदार राजा होऊन बसला. हे नाव रोमन जिभेलाही गमतीचं वाटत असावं. इ. स. पू. ५९ च्या पत्रांत रोमन पुढारी सिसेरो चक्क सेनापती पाँपेलाच 'साम्प्सिकेरामस' म्हणतो! पूर्वेकडच्या राजांत वावरून स्वारीही तशीच झाली, असा टोमणा. पुढच्या राजांची नावं मात्र तुम्हाला ओळखीची वाटतील. अझिझस म्हणजे आपला अझीझ, सोहेमस म्हणजे सुहैम.

या अझिझसने ज्यूंच्या हेरोद राजघराण्यातली देखणी द्रुसिला मिळावी म्हणून सुंता करून घेतली. लग्न झालं, आणि ज्यूडियाचा रोमन सुभेदार फेलिक्स तिच्यावर भाळला. त्याने सायप्रसचा एक मांत्रिक मध्यस्थीला धाडला आणि बाई नवऱ्याला सोडून सुभेदाराच्या घरी गेल्या. हे त्या काळच्या ज्यू इतिहासकार योसेफसने लिहून ठेवलंय. अझिझस ५४ साली वारला, भाऊ सोहेमस गादीवर आला. ७२ साली रोमनांनी शेजारचं कोमागेनेचं राज्य खालसा केलं तेव्हा हा त्यांच्या फौजेबरोबर होता. त्यानंतर एमेसाचं राज्य दिसेनासं होतं.

आता भगदाडाकडे या. होम्सच्या बाहेर एक उंच मकबरा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेलाच्या डेपोला जागा हवी म्हणून तो सुरुंग लावून पाडला, पण त्यावरचा ग्रीक लेख आधीच उतरवून घेतला होता. त्यात म्हटलंय की गायस ज्युलियस साम्प्सिगेरामस, गायस ज्युलियस अलेक्सिओनचा मुलगा, याने जिवंतपणीच स्वतःसाठी आणि आपल्या माणसांसाठी हे बांधलं. साल ७८-७९. नाव राजांचं, पण 'राजा' हा शब्द लेखात कुठेच नाही. इथून पुढे जवळजवळ शंभर वर्षं सामसूम. मग एकदम ज्युलियस बासियानस नावाचा एमेसाच्या सूर्यमंदिराचा मुख्य पुजारी समोर येतो. त्याच्या दोन मुली, डोम्ना आणि मेसा.

राजवंशाच्या बाजूने बोलणारे नावांवर बोट ठेवतात. मेसाच्या मुलीचं नाव सोएमियास, म्हणजे सोहेमसचंच स्त्रीरूप. मेसाचा एक नातू पुढे अलेक्झांडर या नावाने सम्राट झाला, त्याचं आधीचं नाव अलेक्सियानस. मकबऱ्यावरचा अलेक्सिओन आठवा. नातवाला आजोबा-पणजोबांचं नाव ठेवायची रीत आपल्याला काही नवी नाही, त्यामुळे हा मुद्दा मला वजनदार वाटतो. पण त्याच काळातला सिनेटर दिओ कासियस, जो या कुटुंबाला जवळून ओळखत होता, तो डोम्नाला सामान्य कुळातली म्हणतो. हेही गिळून चालणार नाही.

'ज्युलिया' या नावावरून तर काहीच ठरत नाही. ते नाव रोमन नागरिकत्वाबरोबर हजारोंना मिळालं. झेनोबियाचंही तेच. ती सेप्टिमिया, तिचा नवरा ओडेनाथस हा सेप्टिमियस, म्हणून तक्तेवाले तिला डोम्नाचा नवरा सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याच्या गोतात ओढतात. पाल्मिराच्या त्या घराण्याला नागरिकत्व सेव्हेरसांच्या काळात मिळालं, म्हणून ते नाव. देशमुख-देशमुख सगळे भाऊबंद धरले तर निम्म्या सोयरिकी मोडतील. क्लिओपात्राच्या वंशजपणाची बात ज्या जुन्या रोमन चरित्रसंग्रहातून येते, त्यात थापांची कमी नाही.

डोम्नाच्या लग्नाची गोष्टही त्याच संग्रहातली, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सेव्हेरस लिबियातल्या लेप्टिस माग्नाचा. पहिली बायको वारली तेव्हा सीरियात कुणा मुलीच्या पत्रिकेत राजाशी लग्नाचा योग आहे असं त्याच्या कानावर आलं, आणि त्याने तिलाच मागणी घातली. १८७ साली लग्न, १८८ साली फ्रान्समधल्या ल्योंला मुलगा कॅराकॅला जन्मला, पुढच्या वर्षी गेटा. गोष्ट मागाहून रचलेली असू शकते, पण गृहस्थाला ज्योतिषाचा नाद होता हे खरं. राजवाड्याच्या छतावर त्याने आपली कुंडली रंगवून घेतली होती, असं दिओ लिहितो.

मुलाकडे जर्मनीला गेलो होतो तेव्हा बर्लिनच्या आल्टेस म्युझियममध्ये या कुटुंबाचं चित्र पाहिलं. इजिप्तमधलं, लाकडाच्या गोल फळीवर, आपल्या जेवणाच्या ताटाएवढं. सेव्हेरसची दाढी पिकलेली, डोम्नाच्या गळ्यात आणि कानांत टपोरे मोती, खाली कॅराकॅला. त्याच्या शेजारी नुसता खरवडलेला डाग. तो गेटा. २११ च्या डिसेंबरात मोठ्या भावाने त्याला आईच्या मिठीत मारवलं आणि मग साम्राज्यभर त्याचं तोंड पुसायला लावलं. आईला रडायचीही मुभा नव्हती. मी बराच वेळ मोत्यांकडेच बघत उभा राहिलो.

वंशावळींच्या खोटेपणाबद्दल बोलायचं तर रोमनांनीच आपल्याला शिकवावं. सेव्हेरसने गादीवर आल्यावर स्वतःला आधीचा सम्राट मार्कस ऑरेलियसचा मुलगा जाहीर केलं. मार्कस मरून पंधरा वर्षं झाली होती! एका सिनेटरने त्याचं अभिनंदन केलं : बरं झालं महाराज, तुम्हाला बाप सापडला. २१७ साली सम्राट झालेला कॅराकॅला मारला गेला, डोम्नाने अन्न सोडून प्राण दिला. तिची बहीण मेसा पैसा राखून एमेसाला परतली आणि तिने आपला चौदा वर्षांचा दुसरा नातू हा कॅराकॅलाचा अनौरस मुलगा असल्याचं शेजारच्या लष्करी तळावर पसरवलं. पैसेही वाटले. १६ मे २१८ ला सैनिकांनी त्याला सम्राट केलं. स्वतःच्या मुलीच्या अब्रूवर पाणी सोडून आजीने राज्य मिळवलं.

हा मुलगा एलागाबालस. एमेसाच्या सूर्यदेवाचं नावच त्याला चिकटलं. 'गाबाल' म्हणजे अरबीतला जबल, डोंगर, डोंगराचा देव. मूर्ती नव्हती, आपल्याकडे तांदळा असतो तसा शंकूच्या आकाराचा काळा दगड होता. तो त्याने रोमला नेला. उन्हाळ्यात रथ निघे. रथात माणूस बसायचा नाही, लगाम देवालाच बांधलेले, आणि सम्राट देवाकडे तोंड करून उलटा चालत पुढे. त्याच्या नाण्यांवर चार घोडे, दगड आणि त्यावर छत्र्या स्पष्ट दिसतात. रोमनांना हे झेपलं नाही, २२२ साली त्याला आईसकट मारून टाकलं. एखाद्या गुरवाच्या पोराने राजधानीत ग्रामदैवताची जत्रा भरवावी, तसं ते होतं. मला त्याची कीव येते.

प्रश्न : सम्राट 'फिलिप अरब' याच घराण्यातला का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : नाही. तो दक्षिण सीरियातल्या शाहबाचा, राजघराण्याशी संबंध नाही. २४४ ते २४९ राज्य केलं. वडिलांचं कुळ सांगण्यासारखं नव्हतं, तर त्याने वडिलांना थेट देव करून नाण्यांवर आणलं. २४८ साली रोमचा हजारावा वाढदिवस या अरबाच्या हातून साजरा झाला.

प्रश्न : अरब राजांचा आमच्या कल्याणशी काही संबंध होता का? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : सोयरीक नाही, व्यापार. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस' या टिपणात जॉर्डनमधल्या पेट्राचा नबाती अरब राजा मालिखस आहे आणि तुमचं कल्याणही आहे, सोपारा, पैठण, तेरसकट. पेट्राच्या वाटेवरच्या तांबड्या समुद्राच्या बंदरात मालावर चौथाई घेत. कल्याणची नोंद मात्र तक्रारीची आहे : पूर्वी इथे रीतसर व्यापार चाले, आता चुकून एखादं ग्रीक जहाज आलं तर पहाऱ्यात भडोचला नेतात.