घरात कोणीतरी आहे असं का वाटतं?

प्रश्न : रात्री मधेच जाग येते, डोळे उघडे असतात, खोली सगळी दिसत असते पण हातपाय हलत नाहीत, ओरडायला जावं तर आवाज फुटत नाही आणि छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतं. एकदा तर दारात काळी आकृती दिसली. घरचे म्हणतात स्वप्न पडलं असेल, पण मी जागी होते हो, शपथेवर सांगते.

उत्तर : तुम्ही जाग्या होतात यात मला अजिबात शंका नाही. पण स्वप्नही चालूच होतं, दोन्ही एकाच वेळी. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. झोपेत आरईएम नावाचा टप्पा येतो, ठसठशीत स्वप्नं बहुतेक त्यातच पडतात, आणि तेवढा वेळ मेंदू अंगातले जवळपास सगळे स्नायू ढिले करून ठेवतो म्हणजे स्वप्नात धावलो तरी आपण पलंगावरून उठून धावत नाही. कधीकधी जाग आधी येते आणि अंग नंतर मोकळं होतं, मधले काही सेकंद किंवा एकदोन मिनिटं माणूस अडकतो. श्वास चालू असतो, पण मुद्दाम खोल घ्यायला गेलं की छातीचे स्नायू साथ देत नाहीत, म्हणून ते ओझं. आणि त्यात मेंदू घाबरलेला, धोका कुठेय ते शोधत असलेला, मग स्वप्नातलीच आकृती समोरच्या खऱ्या दारात उभी राहते. १०० पैकी साधारण ८ जणांना हे आयुष्यात कधी ना कधी होतं. जागरण, झोपेच्या बदलत्या वेळा, टेन्शन आणि उताणं झोपणं यांनी वाढतं. त्या वेळी सगळं अंग हलवायची धडपड करू नका, फक्त एक बोट हलवायचा प्रयत्न करा, बऱ्याच जणांना त्याने सुटका मिळते. वारंवार होत असेल किंवा दिवसाही अनावर झोप येत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.

प्रश्न : आम्ही एका जुन्या घरात राहायला आलो आणि तेव्हापासून सगळ्यांचं डोकं दुखतं, पावलांचे आवाज येतात, एका खोलीत तर बसवत नाही. कोणी म्हणतं घर झपाटलेलं आहे, कोणी म्हणतं मनाचे खेळ. तुमचं काय मत?

उत्तर : मत नंतर सांगतो, आधी आजच्या आज एक काम करा. घरात गॅसचा गीझर, हीटर, शेगडी, काहीही जळणारं असेल तर खिडक्या उघडा, ते बंद ठेवा आणि माणूस बोलावून तपासून घ्या. बाहेर पडलं की डोकं हलकं होत असेल, तर त्या घरात झोपूही नका. कारण कार्बन मोनॉक्साइड. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, मग मेंदूची उपासमार सुरू होते.

१९२१ मध्ये विल्यम विल्मर या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने एका कुटुंबाची हकीकत छापली होती. १९१२ मध्ये ते एका जुन्या घरात राहायला गेले आणि थोड्याच दिवसांत बाईंना पावलं ऐकू यायला लागली, अनोळखी बाई दिसायला लागली, नवऱ्याला पाठीमागे कोणी असल्यासारखं वाटायचं, मुलं फिकी पडली आणि घरातली झाडंसुद्धा मरायला लागली. शेवटी घर तापवायची भट्टी तपासली तर धूर धुराड्यातून बाहेर जायच्या ऐवजी घरातच पसरत होता! मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण 'मनाचे खेळ' म्हणून सोडून दिलं असतं तर ती माणसं कदाचित जिवाला मुकली असती.

गॅसचं काहीच निघालं नाही तर मग पुढचं. इन्फ्रासाउंडबद्दल तुम्ही वाचलं असेल, म्हणजे २० हर्ट्‌झच्या खालचा, कानाला न कळणारा आवाज. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचे इंजिनिअर विक टँडी यांना लॅबमध्ये बसल्यावर घाम फुटायचा, डोळ्याच्या कोपऱ्यात राखाडी काहीतरी दिसायचं. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात धरलेलं तलवारीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं आणि तिथून शोध लागला तो नव्या पंख्याचा, जो साधारण १९ हर्ट्‌झचा आवाज करत होता. १९९८ मध्ये त्यांनी हे लिहिलं. किस्सा सुंदर आहे पण माझा त्यावर फार भर नाही, कारण ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ख्रिस फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये छापलेल्या प्रयोगात ७९ लोकांना एका रिकाम्या खोलीत फिरायला लावलं, काहींना इन्फ्रासाउंड, काहींना विद्युतचुंबकीय क्षेत्र, काहींना दोन्ही आणि काहींना काहीच नाही. विचित्र अनुभव बऱ्याच जणांना आले, पण यंत्र चालू आहे की बंद याचा त्याच्याशी संबंध दिसला नाही. 'इथे काहीतरी वेगळं वाटू शकतं' एवढं आधी सांगितलेलं होतं, तेवढं पुरलं. म्हणून त्या खोलीबद्दल नवीन पाहुण्याला आधी काहीच सांगू नका आणि बघा त्याला काय वाटतं ते.

प्रश्न : मागे कोणी उभं आहे हे मेंदू नुसताच तयार करू शकतो का?

उत्तर : हो. मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लांके यांच्या टीमने २००६ मध्ये हे छापलं. अपस्माराच्या तपासणीत एका तरुणीच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या जरा वर आणि मागे, बारीकसा वीजप्रवाह दिला की तिला पाठीशी सावलीसारखा माणूस जाणवायचा. ती बसली की तोही बसायचा. स्वतःच्याच शरीराचा अंदाज चुकला आणि मेंदूने तो दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकला, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला.

प्रश्न : मिस्टरांना जाऊन काही महिने झाले. संध्याकाळी त्यांची चाहूल लागते, कधी हाक ऐकू येते. मुलाला सांगायची भीती वाटते, तो म्हणेल आईला वेड लागलं.

उत्तर : ताई, हे वेड नाही. डेवी रीस नावाच्या डॉक्टरांनी वेल्समध्ये जोडीदार गमावलेल्या २९३ जणांशी बोलून १९७१ मध्ये अहवाल छापला, त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या माणसाचं असणं जाणवलं होतं, आणि बहुतेकांनी ते तोवर कोणालाही सांगितलेलं नव्हतं, तुमच्यासारखंच. वर्षानुवर्षं मेंदूने त्या पावलांची, त्या हाकेची सवय केलेली असते, ती काही महिन्यांत कशी मोडेल? त्यातल्या अनेकांना त्याचा आधारच वाटत होता. झोप उडाली, जेवण सुटलं, किंवा आवाज तुम्हाला काही करायला सांगायला लागला तर डॉक्टरांकडे जा, उशीर करू नका. नाहीतर मुलाला हे पान वाचायला द्या आणि मग त्याच्याशी बोला, कदाचित त्यालाही वडिलांची हाक ऐकू येत असेल आणि तोही तुम्हाला घाबरून गप्प असेल.