आयकर भरत नाही, मग सरकारी खर्चाचा हिशोब विचारू नये का?

तुम्ही लिहिलंय की घरची शेती आहे, आयकर भरावा लागत नाही, आणि सरकारच्या खर्चावर काही बोललं की मित्र म्हणतात, "आधी टॅक्स भर, मग बोल." तर बोलण्याचा अधिकार आहे का?

आहे. हेच वाक्य मी माझ्या घरात, ऐन दिवाळीत ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कराचं. आयकर सोडून दुसरा कर नसतोच, असं तुमच्या मित्रांना वाटतं का? ट्रॅक्टरच्या डिझेलवर केंद्राचं उत्पादन शुल्क आहे, वर राज्याचा व्हॅट आहे. खताच्या पोत्यावर 5 टक्के जीएसटी आहे. अंगाच्या साबणावर तर 22 सप्टेंबर 2025 च्या आधी 18 टक्के होता, त्या दिवसापासून 5 झाला. दुकानदार साबण देताना कोणाचं पॅनकार्ड बघत नाही. शेतमजूर बाईसुद्धा रोज कर भरते, फक्त तिला कोणी पावती देत नाही.

आता आमच्या गल्लीतल्या रस्त्याचं सांगते. गावाचं नाव लिहीत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून, म्हणजे गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायच्या केंद्राच्या पैशातून, 2023 च्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत काँक्रीटचा रस्ता झाला. लांबी 120 मीटर, रुंदी 3 मीटर. पहिल्या पावसातच वरचं सिमेंट निघालं आणि खडी उघडी पडली. पोरं पडायची, गुडघे सोलून घ्यायची. नंतर नळजोडणीसाठी रस्ता आडवा फोडला तेव्हा काँक्रीटची कड दिसायला लागली. मी मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन खाली बसले आणि तीन ठिकाणी मोजलं. एका जागी साडेतीन इंच भरलं, बाकी दोन जागी चार.

किती जाडी धरली होती ते कोणी सांगेना. मग माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात अर्ज दिला. अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तकाची प्रत, एवढंच मागितलं. तीस दिवस गेले, उत्तर नाही. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पंचायत समितीत पहिलं अपील टाकलं, तेव्हा कुठे कागद हलले. अकरा पानं मिळाली, पानाला दोन रुपये.

मोजमाप पुस्तक, म्हणजे सगळे 'एमबी' म्हणतात ते, बघायला शिका. काम किती झालं ते त्यात लिहितात, अभियंता सही करतो आणि त्यावरच ठेकेदाराचं बिल निघतं. आमच्या एमबीत लिहिलं होतं 120 × 3 × 0.15. म्हणजे जाडी पंधरा सेंटिमीटर, सहा इंच. एकूण 54 घनमीटर काँक्रीट. माझ्या मोजणीप्रमाणे चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर धरली तर 36 होतं. उरलेलं 18 घनमीटर काँक्रीट रस्त्यात नाही, फक्त कागदावर आहे. एका घनमीटरला साधारण आठ पोती सिमेंट लागतं. एवढ्याशा गल्लीत जवळजवळ दीडशे पोती!

हे मी 26 जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवलं. त्याआधी महिला सभा घ्यायला हवी, कायद्यात तसं आहे. आमच्याकडे ती वहीवर होते, शिपाई घरोघरी फिरून सह्या घेतो. त्या वर्षी मी सही केली नाही. म्हटलं, सभा लावा, तिथे येऊन करते. ग्रामसभेत उभी राहिले तर एक जण म्हणाले, "तुम्ही घरपट्टी किती भरता ते आधी सांगा." मी पावती घेऊनच गेले होते. पण मला वाईट याचं वाटलं, की माझ्याशेजारी बसलेल्या बाईची घरपट्टी थकली होती. त्या प्रश्नानंतर तिने मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही. तिचाच मुलगा त्या रस्त्यावर पडला होता. तिने का विचारू नये?

शेवटी शाळेजवळचा 40 मीटरचा तुकडा उकरून पुन्हा केला. उरलेला 80 मीटर तसाच आहे. वसुली कोणाकडून झाली नाही. ऑनलाइन बघितलं तर काम पूर्ण दाखवतात.

आता दिवाळीचं. 2024 ची दिवाळी. आमचे धाकटे भाऊजी पुण्यात कंपनीत आहेत, चांगल्या पगारावर. रस्त्याचा विषय निघाला तर म्हणाले, "वहिनी, तुम्हाला लाडक्या बहिणीचे पंधराशे मिळतात ना, मग कशाला या भानगडीत पडता? टॅक्स आम्ही भरतो. हिशोब विचारायचा तर आम्ही विचारू." सगळे जेवायला बसले होते, मी वाढत होते. तेव्हा काही बोलले नाही.

पंधराशे मी घेते. उपयोगीही पडतात. पण ते घेतले म्हणून तोंड बंद ठेवायचं, असं मी कोणाला लिहून दिलेलं नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात या योजनेला 36,000 कोटी ठेवले, आणि 2025 मध्येच आदिवासी विकास आणि सामाजिक न्याय खात्याचा निधी तिकडे वळवला. ते मला पटलेलं नाही. एका गरिबाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढायचं, हे पैसे घेणाऱ्या बाईनेच आधी बोललं पाहिजे.

भाऊजींच्या पगारातून महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर कापतात, फेब्रुवारीत 300. तो कर 1975 चा, रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून आणलेला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातली ती योजना. तो कर यायच्या आधी 1972 चा दुष्काळ पडला होता. त्या दुष्काळात आमच्या सासूबाईंनी पाझर तलावाच्या बांधावर माती वाहिली आणि तिथेच सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर मिळणारं कोरडं खाणं, खाऊन दिवस काढले. त्या तलावाखालच्या विहिरीवर आमचा ऊस आहे. त्या उसावर घर चाललं, म्हणून भाऊजी शिकू शकले. शाळा अनुदानित, पुढे सरकारी तंत्रनिकेतन. मास्तरांचा पगार, कार्यशाळेतल्या मशीन, सगळं लोकांच्या करातून. तेव्हा आयकर कोण भरत होतं आमच्या घरात? कोणीच नाही. मग भाऊजी, त्या वेळी सासूबाईंना विचारायचा हक्क नव्हता का, की बांधावर माती किती पडली आणि हजेरी किती लागली?

हे मला त्या दिवशी जेवताना बोलायला हवं होतं.

तुमच्या प्रश्नाकडे येते. माहिती अधिकार कायदा 2005 चा. त्यात शब्द आहे 'नागरिक', 'करदाता' नाही. माहिती कशाला हवी हे सांगायचीही गरज नाही. कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने मागणं हेही त्या अधिकारात येतं, हे फार कमी जणांना माहीत असतं. अर्जात एकच विषय ठेवा, दीडशे शब्दांच्या आत. "खर्च किती झाला" असं मोघम विचारू नका, एक आकडा मिळेल आणि तुम्ही गप्प बसाल. एमबी मागा, मग टेप घेऊन रस्त्यावर जा.

दोन गोष्टी राहिल्या. माहिती अधिकाराच्या नावाखाली ठेकेदाराकडून पैसे उकळणारेही आहेत, त्यांच्यामुळे आमच्यासारख्यांचा अर्ज आला की आधी संशय घेतात. आणि आयकर भरणाऱ्याचा राग अगदीच खोटा आहे असं मी म्हणत नाही. ज्यांची शेतीची कमाई कोटीत आहे त्यांनाही शेतकरी म्हणून आयकर माफ, हे मला मान्य नाही. मी स्वतः शेतकरी असून सांगते, त्यांच्यावर कर लावा. भाऊजींनी हा मुद्दा काढला असता तर मी त्यांच्या बाजूने बोलले असते. त्यांनी तो काढला नाही, माझे पंधराशे काढले.

उरलेल्या ऐंशी मीटरसाठी आता नवा अर्ज लिहिलाय. यावेळी काँक्रीटचा नमुना मागितलाय, आणि शेजारच्या त्या बाईच्या नावाने अर्ज दिलाय. सही तिची आहे.