‘तिहेरी घुमट’ आणि घुमणारा घुमट

प्रश्न असा आला आहे: लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलला ‘तिहेरी घुमट’ म्हणावं का, आणि घुमट हा शब्द ‘घुमणे’वरूनच आला ना?

‘तिहेरी घुमट’ बंद करा. प्रवासवर्णनांनी हा शब्द उगाच रूढ केला आहे. ख्रिस्तोफर रेनने (१६३२–१७२३) तीन कवचं बांधली, पण घुमट त्यांतले दोनच. आतला विटांचा, खालून दिसतो तो. बाहेरचा लाकडी सांगाड्यावर शिशाचे पत्रे चढवलेला, शहरातून दिसतो तो. मधोमध आहे तो विटांचा शंकू, जेमतेम दीड फूट जाड, आणि खरं ओझं त्याच्याच डोक्यावर. वरचा दगडी मनोरा सुमारे ८५० टनांचा. तो लाकडी कवचाला पेलवला नसता आणि आतल्या अर्धगोलावर ठेवला असता तर माथा दबून बाजू बाहेर ढकलल्या गेल्या असत्या. शंकू भार जवळजवळ सरळ खाली नेतो. तरी पायथ्याशी थोडं फाकणं उरतंच, म्हणून तिथे लोखंडी साखळीचा पट्टा आवळलेला आहे. कळस म्हणायचंच असेल तर मनोऱ्यावरच्या गोळ्याला आणि क्रुसाला म्हणा; अख्ख्या घुमटाला कळस म्हणणाऱ्यांपुढे हात टेकले.

आता शब्द. ‘आवाज घुमतो तो घुमट’ ही व्युत्पत्ती ऐकायला गोड, पण उलटी. मूळ फारसी ‘गुंबद’, त्याचंच दुसरं रूप ‘गुंबज’. कानडीत ‘गुम्मट’ झालं: म्ब विरघळून म्म. विजापूरची १६५६च्या सुमाराची ती इमारत कागदोपत्री गोल गुंबज असली तरी मराठी तोंडात गोल घुमटच. मग ‘ग’चा ‘घ’ कुणी केला? माझा तर्क असा की इथे ‘घुमणे’ शिरलं, बाप म्हणून नव्हे, दत्तक घेणारं म्हणून. परका शब्द कानाला ओळखीचा वाटला आणि मराठीने त्याला आपलं आडनाव लावलं. गोव्याचं मातीचं वाद्य मात्र ‘ते घुमट’, नपुंसकलिंगी. इमारतीवरचा ‘तो घुमट’. लिंग वेगळं तर कूळही वेगळं असावं, असं मी धरून चालतो. वाद्याला फारसी आजोबा चिकटवणारे पंडित मला अजिबात पटत नाहीत.

आणि घुमण्यावर एवढा जोर देणाऱ्यांनी सेंट पॉलचा कुजबुजीचा सज्जा ध्यानात घ्यावा: २५७ पायऱ्या वर, घुमटाच्या आतून गोल फिरणारा. तिथे भिंतीशी तोंड नेऊन पुटपुटलं की पलीकडच्या कडेला ऐकू येतं. खगोलवेत्ता एअरी म्हणाला, घुमट आवाज परावर्तित करून समोरच्या बिंदूवर एकवटतो. भौतिकशास्त्रज्ञ रेलीने ते खोडून काढलं: तसं असतं तर आवाज फक्त समोरासमोर ऐकू आला असता, पण तो भिंतीलगत कुठेही कान लावला तरी येतो. लहरी अंतर्वक्र भिंतीला धरून सरपटत जातात आणि आतल्या पोकळीत फारशा शिरतच नाहीत. म्हणून बोलताना तोंड भिंतीकडे न करता भिंतीला समांतर ठेवायचं आणि पुटपुटायचं. मोकळ्या आवाजात ओरडलात तर नुसता गलका होतो. या सज्ज्यात आवाज सरपटतो. विजापूरच्या घुमटाखाली मात्र तो परतून परतून येतो, आणि ‘घुमणे’ हे क्रियापद तिथेच शोभतं.