हातची आठवण : वाळूतलं पाऊल

प्रश्न : बाई, नमस्कार. मी रत्नागिरीत राहते. मुलगा-सून पुण्याला असतात. या दिवाळीत सात महिन्यांच्या नातवाला घेऊन ते पहिल्यांदाच घरी येतायत. त्याच्या पावलाचा ठसा इथल्या समुद्राच्या वाळूत घ्यावा आणि तो कायमचा जपून ठेवावा, असं फार मनात आहे. सुनेने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, त्यात बाळाचा हात सरळ पांढऱ्या लगद्यात बुडवला होता. मला बघूनच धस्स झालं. वाळूतून ठसा नीट निघतो का? कसा घ्यायचा?
— एक आजी, रत्नागिरी

उत्तर : आजी, तुम्हाला धस्स झालं ते बरंच झालं. आधी तेवढंच सांगते, कारण बाकी सगळं चुकलं तरी पुन्हा करता येतं, हे नाही.

वाळूतल्या ठशात ओतायचं ते पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. जिप्सम नावाचं खनिज भाजून, त्यातलं बरंचसं पाणी उडवून केलेली ही भुकटी. पाणी मिळालं की ती पुन्हा जिप्सम होते, आणि होता होता तापते. बादलीभर जाड गोळा असेल तर उष्णता साठ अंशांपर्यंत, कधी त्याच्याही पुढे जाते. तोवर ते दगडासारखं घट्ट झालेलं असतं, अडकलेला हात काढू म्हटलं तरी निघत नाही. २००७ साली इंग्लंडमध्ये सोळा वर्षांच्या एका मुलीने शाळेत कलेच्या तासाला हातांचा साचा घ्यायला दोन्ही हात पीओपीच्या बादलीत घातले. इतकं भाजलं की तिची बहुतेक बोटं काढावी लागली. ती तर मोठी, बोलती मुलगी. तान्ह्याला तर सांगताही येत नाही. सुनेने पाहिलेला लगदा बहुधा अल्जिनेटचा असेल. समुद्री शेवाळापासून करतात, दातांचे डॉक्टर मापं घ्यायला वापरतात तीच पावडर. ती तापत नाही. पण दिसायला दोन्ही पांढरीच, म्हणून घरात कुणाचा गोंधळ व्हायला नको. बाळाची कातडी आणि ओलं पीओपी यांची गाठ पडू द्यायची नाही.

वाळूची रीत मला आवडते ती याच्यासाठी. बाळ फक्त वाळूला टेकतं. त्याला उचलून घेतलं, लांब नेऊन आईच्या मांडीवर दिलं, की मग पीओपी कालवायचं.

मी पेणची. आमच्या घरात गणपतीचे साचे आणि पीओपीची पोती यांच्यातच आम्ही वाढलो. पुढे तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. तरी नातीचं पाऊल घ्यायची वेळ आली तेव्हा एक चूक माझ्या हातून झालीच. ती तुमच्याकडून होऊ नये. किनाऱ्यावर गोडं पाणी संपलं म्हणून मी समुद्राचंच पाणी पीओपीत घातलं. मिठाने पीओपी फार लवकर पकडतं. मी नीट ढवळेपर्यंत त्याच्या गाठी झाल्या होत्या. कसाबसा ठसा निघाला, मलाही समाधान वाटलं. पण पहिल्याच पावसाळ्यात त्याला पांढरी बुरशीसारखी लव आली, ओल धरली, आणि टाचेचा पापुद्रा सुटून आला. नात तोवर चालायला लागली होती. ते पाऊल परत मिळणार नव्हतं. तेव्हा घरून गोडं पाणी न्या, दोन मोठ्या बाटल्या तरी.

आता जागा. तुमच्या रत्नागिरीचं भाग्य असं की पांढरा समुद्र आणि काळा समुद्र दोन्ही एकाच गावात. ठशाला वाळूचा एक पातळ थर चिकटून येतो, म्हणून ठशाचा रंग तुम्ही निवडलेल्या वाळूचा. काळ्या समुद्रावरच्या वाळूत इल्मेनाइट या काळ्या खनिजाचे बारीक जड कण असतात. त्या ठशाला उन्हात धरलं की बारीक चमक मारते. मी असते तर काळीच घेतली असती. एक पाऊल काळ्यातलं, एक पांढऱ्यातलं घेतलं तर शेजारी शेजारी फार शोभतील.

वेळ सकाळची, ओहोटी लागून तास-दीड तास झाला की. पाणी नुकतंच जिथून सरलंय तिथली वाळू ओली असते, दबून बसलेली असते, आणि पुढची भरती यायला हातात चांगले तीन-चार तास मिळतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती फार वर चढते. दिवाळीत अमावास्या आहेच, तर तेवढं मनात धरा. शक्य असेल तर तिथे बसून ठसा घेण्यापेक्षा एक पसरट टब भरून वाळू अंगणात आणा, कामापुरतीच. गोड्या पाण्यात दोनदा धुवा. मीठही जातं, बाळाला वाराही लागत नाही, आणि तुम्हाला घाई होत नाही.

बाळाला आणण्याआधी वाळूची परीक्षा घ्या. गौरी आणताना आपण मूठ आडवी टेकवून पावलं उमटवतो ना, आणि वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके? अगदी तसंच वाळूत करून बघा. कडा उभ्या राहिल्या तर वाळू तयार. कडा ढासळल्या तर कोरडी, थोडं पाणी शिंपडा. ठशात पाणी साचलं तर फार ओली, थोडा वेळ निथळू द्या. वाळू आठ-दहा सेंटिमीटर खोल हवी आणि वरून पाट्याने किंवा वाटीच्या बुडाने थापून सपाट केलेली.

आता खरी कसरत. सात महिन्यांच्या बाळाच्या तळव्याला, बोटांच्या खाली, काही लागलं की बोटं आपोआप आत वळतात. तो हट्ट नाही, जन्मजात सवय आहे, वर्षाच्या आसपास जाते. म्हणून बोटांकडून टेकवायचंच नाही. बाळ झोपेला आलेलं असताना, पोट भरलेलं असताना, आईने उभं धरावं. तुम्ही घोटा धरून आधी टाच टेकवा, मग तळवा हळूच पुढे झुकवत न्या, आणि शेवटी तुमच्या अंगठ्याने एकेक बोट वरून दाबा. करंगळी बहुतेक वेळा राहून जाते, तिला विसरू नका. पाऊल सरळ वर उचला, ओढू नका. एक सेंटिमीटर खोल उमटलं तरी पुरे. नाही जमलं तर वाळू सपाट करून पुन्हा. तीन-चारदा करावं लागलं तरी हरकत नाही, पण बाळ रडायला लागलं की त्या दिवशी थांबा. रडतं बाळ पाय झाडतं आणि ठसा पुसला जातो. वाळू निघेपर्यंत हात-पाय धुवा, बोटांच्या बेचक्यात पाहा, ती तोंडात जाते.

पीओपी नवं पाकीट आणा. कोकणातल्या दमट हवेत पावसाळाभर पडून राहिलेलं पाकीट आधीच ओल पिऊन बसलेलं असतं, मग ते धड पकडत नाही. एका पावलाला तीन वाट्या पीओपी, दीड वाटी पाणी. आधी पाणी घ्या आणि भुकटी त्यात मुठीने भुरभुरवा. उलटं केलं तर तळाशी गाठी होतात. दोन मिनिटं भिजू द्या, मग हळू ढवळा. फेटायचं नाही, बुडबुडे होतात. दाट ताकासारखं झालं की लगेच ओतायला घ्या, पाच-सात मिनिटांच्या वर वेळ नसतो. ठशाभोवती जुन्या डब्याची किंवा पट्टीची गोल कड आधीच रोवून ठेवा, नाहीतर सगळं पसरतं. सरळ धार सोडली तर बोटांचे ठसे खणले जातात, म्हणून चमचा आडवा धरून त्याच्यावरून सोडा. आधी बोटं भरा, मग टाच, मग वर अडीच-तीन सेंटिमीटर जाडी. शंख-शिंपले लावायचे असतील तर सुंदर बाजू वाळूत खाली जाईल असे उपडे दाबा, आधीच. भिंतीवर टांगायचं असेल तर तारेचं कडं वरून अर्धं बुडवा. ती ठशाची पाठ आहे.

नाव वाळूत काडीने लिहायचा मोह होईल. ते ठशात उलटं उमटतं, आरशात दिसावं तसं. पाऊल मात्र उलटं होत नाही, डावं टेकवलं तर डावंच मिळतं. नाव, तारीख आणि ‘सात महिने’ हे पाठीवर खिळ्याने लिहा, पीओपी साबणाच्या वडीइतकं घट्ट झालं की. पाठीला हाताची उलटी बाजू लावून बघत राहा. गरम होईल, मग निवेल. पूर्ण निवल्यावर, म्हणजे साधारण तासाभराने, बाजूची वाळू दोन्ही हातांनी उकरून तळातून उचला. कड धरून ओढलं तर बोटं तुटतात. चार-पाच दिवस सावलीत वाळल्यावर मऊ ब्रशने सुटी वाळू झाडा. त्यानंतर एक भाग फेव्हिकॉल आणि चार भाग पाणी असा हात दोन्हीकडून फिरवा. ठसा पाण्याने धुवायचा नाही, कधीच.

उरलेलं पीओपी मोरीत ओतू नका, पाइपात दगड होतो. डब्यातच घट्ट होऊ द्या आणि कचऱ्यात टाका. किनाऱ्यावर तर एक तुकडाही ठेवू नका. ते पाण्यात सहज विरघळत नाही, हे आम्हा पेणकरांना गणपतींवरून चांगलं कळलंय.

प्रश्न : आमच्याकडे समुद्र नाही, नदीची वाळूही मिळत नाही. बांधकामावरची चालेल का? ठसा तुटू नये म्हणून काही?
— एक बाबा, अमरावती

उत्तर : बांधकामावर हल्ली बहुतेक क्रश सँड असते, म्हणजे खडी दळून केलेली. तिच्या कडा बोचतात आणि धूळ बाळाच्या नाकात जाते. ती नको. बालवाडीत खेळाच्या हौदात टाकतात ती धुतलेली, चाळलेली वाळू विचारा. मजबुतीसाठी पीओपीऐवजी डेंटल स्टोन घ्या, म्हणजे दातांचे साचे करायची जिप्समचीच भुकटी. दातांच्या सामानाच्या दुकानात मिळतो. महाग पडतो, पण बराच कठीण होतो, आणि पाणी कमी लागतं, ते पाकिटावर लिहिलेलं असतं तेवढंच घ्या. तोही तापतो, तेव्हा बाळाच्या बाबतीत नियम तोच.

प्रश्न : बाई, तुमच्या मागच्या लेखावरून मुलीच्या पावलाचा ठसा घेतला, छान निघाला. पण तळव्याला मधे खळगाच नाही, सपाट फळीसारखा आहे. सासूबाई म्हणतात, पाय सपाट आहेत, डॉक्टरांना दाखव. ती अकरा महिन्यांची आहे.
— एक आई, डोंबिवली

उत्तर : ठसा बरोबर आला आहे. तान्ह्या बाळांच्या तळव्याला मधे चरबीची गादी असते, म्हणून त्यांचे ठसे सपाटच येतात. माझ्याकडच्या नातीच्या त्या खराब झालेल्या ठशातही तेच दिसतं. कमान पुढे चालता-धावता हळूहळू दिसू लागते, सहा-सात वर्षांपर्यंतही वेळ लागतो. सासूबाईंना हे सांगा, त्यांची काळजी मायेपोटीच आहे. मात्र ठसा घेताना एखादं पाऊल आत वळलेलंच राहत असेल, हाताने सरळ केलं तरी सरळ होत नसेल, किंवा दोन पावलांत ठळक फरक वाटत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि जाताना दोन्ही ठसे पिशवीत घालून घेऊन जा.