वाचकांचे प्रश्न : पॅडॉक स्टँडचे चाक आणि दोन पांढरे रॉड

प्रश्न : काका, माझ्या बाइकला डबल स्टँड नाही, म्हणून साखळी साफ करायला तीन वर्षांपूर्वी मागचा पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा, छोट्या चाकांचा सुटा स्टँड) घेतला. गेल्या महिन्यात गाडी उचलताना त्याचं डावं चाक मधोमध चिरलं. दुकानदार म्हणाले, "याचा पार्ट वेगळा नाही भेटत भाऊ, नवीनच घेऊन घ्या." बाकी स्टँड ठणठणीत आहे. चाक बाहेरून ५० मिमी, रुंदी २२, भोक १० मिमीचं. गाडीचं वजन १७० किलोच्या आसपास. मामेभावाकडे थ्रीडी प्रिंटर आहे, तो चाक छापून देतो म्हणतो. इतवारीत लोहाओळीत विचारलं तर एकाने नायलॉन म्हणून पांढरा रॉड दिला, दुसऱ्याने तसाच रॉड डेलरिन म्हणून दिला. आता दोन्ही तुकडे घरी एकत्र झालेत आणि मला सारखेच दिसतात. कशाचं चाक करू?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : चांगला पाइप आणि चांगलं वेल्डिंग असलेला स्टँड एका चाकापायी भंगारात टाकू नका. हे चाक कोणताही खरादवाला (लेथवाला) बसल्या बैठकीत करून देईल. पण आधी तुटलेलं चाक हातात घ्या आणि त्याच्या भोकात बोट फिरवा.

भोक लांबट झालंय का? आत आटे उमटलेत का? माझा अंदाज आहे, उमटले असतील. स्वस्त स्टँडमध्ये आसाच्या जागी पूर्ण आट्यांचा बोल्ट टाकतात. गाडी उचलताना मागच्या चाकावरचं वजन, म्हणजे जवळपास निम्मी गाडी, ८५ किलो धरा, या दोन छोट्या चाकांवर येतं. दांड्यावर तुम्ही देता तो जोरही त्यांच्यावरच पडतो. स्टँड जरा तिरपा लागला की सगळा भार एकाच चाकावर. अशा वेळी बोल्टचे आटे कानसीसारखे भोक खातात आणि चीर तिथूनच सुरू होते. नवं चाक त्याच बोल्टवर चढवलंत तर तेही तसंच जाईल. १० मिमीचा असा बोल्ट आणा, ज्याचा चाकाखाली येणारा भाग गुळगुळीत आहे आणि आटे फक्त टोकाला आहेत. त्यावर नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा नट.

आता प्रिंटर. मामेभावाला विचारा, तार कशाची आहे. बहुतेक वेळा ती पीएलए नावाच्या प्लास्टिकची असते, आणि पीएलए ५५ ते ६० अंशांना मऊ पडायला लागतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४५ अंश होतात. टिनाच्या शेडखालची फरशी आणि उन्हातली पेट्रोलची टाकी किती तापते, हे नागपूरकराला सांगायला नको. त्या उन्हात गाडी दोन तास स्टँडवर राहिली तर चाक बसकं होईल. शिवाय छापलेली वस्तू थरांची असते, आणि थर एकमेकांपासून सुटू शकतात. तरी भावाची मदत नाकारू नका. त्याच्याकडून एक चाक छापून घ्या, स्टँडच्या दोन पट्ट्यांत फिरतं का, जमिनीला टेकतं का ते बघा. माप पक्कं झालं की तोच नमुना खरादवाल्यापुढे ठेवा. कागदावरच्या आकड्यांपेक्षा हातातला नमुना त्याला लवकर कळतो.

रॉडचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण यात चांगले चांगले फसतात. एका ग्लासात पाणी घ्या आणि विरघळायचं थांबेपर्यंत त्यात मीठ ढवळा, शंभर मिलीलिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास लागेल. दोन्ही रॉडचे छोटे काप त्यात टाका, बुडबुडे चिकटले असतील तर काडीने झटका. नायलॉन तरंगेल, डेलरिन तळाला जाईल. साध्या पाण्यात मात्र दोन्ही बुडतात, म्हणून मीठ. पाण्याची घनता १ धरली तर नायलॉनची १.१४, डेलरिनची १.४१, आणि हे खारं पाणी दोघांच्या मधे, १.२ वर असतं. साध्या पाण्यातच तरंगला तर तो पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन असेल, तो परत करा. टेफ्लॉनही बुडतं, पण ते चाकूने मेणासारखं कापलं जातं.

चाक डेलरिनचं करा. डेलरिन हे ड्यूपाँ या अमेरिकन कंपनीने दिलेलं नाव, १९६० साली त्यांनी हा माल बाजारात आणला. मालाचं खरं नाव ॲसिटल. मिळाला तर काळा रॉड घ्या, पांढऱ्याला ऊन लवकर खातं. नायलॉन मजबूत आहे, पण ते पाणी पितं. हिंगणा एमआयडीसीत मी ३१ वर्षं लेथवर काढली. सुरुवातीच्या काळात एकदा मे महिन्यात लोखंडी हाउसिंगमध्ये नायलॉनचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या छोट्या नळ्या) दाबून बसवले, भोक अगदी नेटकं ठेवलं. जुलैत शाफ्ट हलेना. हवेतला ओलावा पिऊन नायलॉन फुगलं, बाहेर लोखंड असल्यामुळे जागा फक्त आत उरली होती. सगळे बुश काढून पुन्हा केले. तुमचं चाक सुटं असल्यामुळे त्याचं भोक आवळणार नाही, पण रुंदी वाढेल आणि ते पट्ट्यांत घासेल. डेलरिन फार कमी पाणी घेतं.

खरादवाल्याला दोन गोष्टी आवर्जून सांगा. भोक १० नको, १०.२ ठेवा. उष्णतेने डेलरिन लोखंडाच्या नऊ-दहा पट कमीजास्त होतं. ४५ अंशांत केलेलं भोक जानेवारीतल्या १० अंशांत ०.०४ मिमीने लहान होतं, आणि बोल्ट जवळपास आहे तसाच राहतो. दुसरं, रुंदी २१.५ करा आणि दोन्ही बाजूंना पातळ वॉशर बसतात का पाहा. टूल धारदार हवं, ड्रिल थोडं थोडं घालून बाहेर काढायचं, आणि माप चाक गार झाल्यावरच घ्यायचं. गरम असताना मोजलेलं भोक नंतर लहान भरतं. कडांना १ मिमी चाट मारून (कडा तिरप्या कापून) घ्या, म्हणजे फरशीच्या सांध्यात अडकणार नाही. निघालेला कीस जाळू नका. जळणाऱ्या ॲसिटलमधून फॉर्माल्डिहाइडचा वायू निघतो, डोळे आणि घसा झोंबतात.

उजवं चाक तुटलेलं नाही म्हणून जुनं ठेवू नका. ते झिजून ४९ झालेलं असेल आणि नवं ५०, तर स्टँड तिरपा लागेल आणि आपण सुरुवात केली तिथेच परत येऊ. दोन्ही एकाच रॉडमधून करा.

पहिल्यांदा गाडी उचलताना कोणाला तरी हँडल धरायला उभं करा आणि शेजारी जुनं टायर टाकून ठेवा. रात्रभर गाडी तशीच राहू द्या. सकाळी उतरवून दोन्ही चाकं हाताने फिरवा. टेकलेल्या जागी सपाट डाग दिसला तर रॉड डेलरिनचा नसावा. पुन्हा मिठाचं पाणी करा.